चौथा फर्मा

"तुमच्या नायिकेचं पुढे काय झालं, ते जरा सांगाल का?"

चिमणीने खळीच्या भांड्यातून ब्रश वर काढला आणि दाराकडे पाहिलं. बाहेर धुकं इतकं दाट होतं की दार उघडल्यावर आधी धुकंच आत आलं आणि त्याच्या मागून एक माणूस. मफलर नाकापर्यंत ओढलेला, चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक. आवाज असा, की गंजलेल्या बिजागरीने तोंड उघडावं.

"कोणत्या नायिकेचं?"

"हिचं." त्याने टेबलावर एक पुस्तक ठेवलं. निळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. गेल्याच आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने ते नव्याने बांधलं होतं. "तिसरा फर्मा संपतो तेव्हा ही बाई कंदील घेऊन जिना चढतेय. वर कुणीतरी तिची वाट बघतोय. पान उलटलं, तर तिला दोन मुलं आहेत आणि ती धाकट्याचं नाक पुसतेय. मधे काय झालं ते समजण्याइतका मी मोठा आहे, पण तरी... वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

एरवी चिमणी हसली असती. पण तिने पुस्तक ओढून शिवण उघडून पाहिली.

सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. असे फर्मे एकावर एक रचायचे, पाठीत दोरा ओवून शिवायचे, मग पुस्तक उभं राहतं. बारा वर्षं ती मामांच्या या दुकानात हेच करत होती. कधी दोरा तुटला असेल, कधी कापड तिरकं बसलं असेल. फर्मा गळला, असं एकदाही झालं नव्हतं.

"माफ करा," ती म्हणाली. "जुनं पुस्तक आहे, फर्मा इथेच कुठेतरी असेल. शोधते मी. शुक्रवारी याल?"

"येईन. बाबांचं पुस्तक आहे ते, म्हणून..." त्याला खोकला आला. "घसा बसलाय, आवाजावर जाऊ नका. कोपऱ्यापलीकडचं चष्म्याचं दुकान माझं. दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेतो, त्यामुळे पानं गायब झाली की जरा चटकन कळतं." काचा पुसून त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मग कुठे तिला नीट पाहिलं. पाहिलं, आणि पाहतच राहिला. "बरं... शुक्रवारी."

तो गेल्यावर चिमणी टेबलाखाली वाकली. डाव्या हाताच्या फळीवर तो फर्मा होता. खाली पडलेला नाही, चुरगळलेला नाही. कुणीतरी अलगद बाजूला काढून ठेवावा, तसा. तिने तो उचलला. त्याच्याखाली आणखी दोन फर्मे होते, दोन निराळ्या पुस्तकांचे.

दोन्ही चौथेच.

*

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून मावशीने ते ठेवलं, आणि तिशी उलटली तरी ते तिला चिकटून होतं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती आईबरोबर राहायची. मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात आई गेली आणि त्या दोन खोल्या एकाएकी फार मोठ्या झाल्या.

मग ते सुरू झालं. उजेड ओसरू लागला की छातीवर कुणीतरी दगडी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. श्वास आत जायचा नाही, गेला तर बाहेर यायचा नाही. बोटांना मुंग्या, कानात शीळ. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, भीतीचे झटके आहेत. आणि त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या बाई मोठ्या समजूतदार. त्यांनी एकदा सहज विचारलं, "संध्याकाळी घरात जिवंत असं कोण असतं तुमच्याजवळ?" चिमणीने बराच विचार करून सांगितलं, "एक कुंडी आहे."

हे मावशीच्या कानावर गेलं आणि आठवड्याच्या आत ती पिंजरा घेऊन जिना चढली. आत एक राखी पोपट, शेपूट तेवढं लालभडक. "पक्षीवाला म्हणाला, मुका आहे. बरंच झालं, तुझी झोपमोड नको. दोघं मिळून गप्प बसा!"

पोपटाने खरोखरच तोंडातून ब्र काढला नाही. फिकट पिवळ्या डोळ्यांनी तो नुसता बघायचा. चिमणीने त्याला मौनीबाबा म्हणायला सुरुवात केली. त्याच्यासाठी दाणे निवडायचे, पाणी बदलायचं, मानेवरची पिसं खाजवायची... घरी परतायला एक कारण झालं. झटके थांबले नाहीत, पण खोली थोडी लहान झाली.

आणि मग एका संध्याकाळी, ती ओट्याला टेकून जमिनीवर बसलेली, तोंडाने हवा ओढत असलेली, काचेवर धुकं चिकटलेलं... तिच्या मागून एक पुरुष बोलला.

"हळू... हळू. घाई कुणालाच नाही. आत घ्या. एक... दोन... तीन..." मग जरा थांबून, "पाच. आता सोडा."

तरुण आवाज होता, पण थकलेला. उशाशी बसून किती रात्री काढल्या असतील, असं वाटायला लावणारा. चिमणीला किंचाळायलाही श्वास नव्हता. म्हणून तिने तो सांगेल तसं केलं. एक, दोन, तीन, पाच. पाटा हलला. पुन्हा. पाटा उतरला. तेव्हा कुठे तिची भीतीने गाळण उडाली आणि कागद कापायची सुरी हातात धरून तिने दोन्ही खोल्या, पलंगाखाली, कपाटात, सगळीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

पिंजऱ्यात मौनीबाबाने मान वळवली आणि एका म्हाताऱ्या माणसासारखा खोकला.

आवाज पोपटाचा आहे हे कळल्यावर भीती जायला हवी होती. उलट ती निराळ्या तऱ्हेने वाढली. कारण त्या पक्ष्याच्या पोटात अख्खी एक खोली होती. चिमणीचा श्वास अडकला की तो त्या खोलीचं दार उघडायचा. आधी तो आवाज, ते मोजणं. मग खोकला. काचेच्या पेल्यात चमचा फिरल्याचा किणकिणाट. खिडकीची खिटी. मग खूप वेळ काहीच नाही. आणि शेवटी त्याच तरुण आवाजात, अगदी हळू...

"बाबा?"

पुन्हा एकदा. "बाबा?"

की संपलं. पोपट पिसांत चोच खुपसून बसायचा.

त्या दुसऱ्या "बाबा?"नंतरची शांतता चिमणीला सोसवेना. कुणाचा तरी प्रश्न असा हवेत लटकत ठेवणं तिला बरं वाटेना. म्हणून, वेडेपणा आहे हे ठाऊक असूनही, ती पिंजऱ्याजवळ जाऊन पुटपुटायची, "आहे... मी आहे इथं." रोज. जवळजवळ आठ महिने.

कुणाचा असेल तो आवाज? पक्षीवाल्याला काही आठवत नव्हतं. असे पोपट पन्नास पन्नास वर्षं जगतात, तो म्हणाला, माणसं जातात आणि हे राहतात. म्हणजे तो माणूस कदाचित आता म्हातारा असेल. कदाचित नसेलच. चिमणीला त्याचं रूप ठाऊक नव्हतं, वय ठाऊक नव्हतं, पण संध्याकाळी जिना चढताना ती केस सारखे करायची. कुणासाठी, ते स्वतःला विचारायची नाही.

*

चष्मेवाला येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी आली होती. त्या तीन फर्म्यांनी चिमणीचं डोकं पोखरलं होतं, आणि कपात साखर घालता घालता तिचा श्वास अडकला. मौनीबाबाने आपलं दार उघडलं. तो परक्यासमोर कधी बोलायचा नाही, पण मावशी मोरीत होती. त्याला ती दिसली नसावी. ती बाहेर आली ती नेमकी "बाबा?" ऐकत. हातातला कप खळ्ळकन फुटला.

"कोण आहे घरात?"

"कुणी नाही मावशी. तो... पोपट."

"पुरुष असता तर मी नाचले असते गं! पण हे काय?" मावशी भिंतीला पाठ लावून उभी. "आणि तू त्याला उत्तर देत होतीस. मी ऐकलं. 'मी आहे इथं' म्हणालीस."

चिमणीने काहीच लपवलं नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि पदराने कपाळ टिपलं.

"चिमे, मी आणला तो तुला सोबत म्हणून. तू मेलेल्या माणसाच्या आवाजावर जगायला लागलीस. हे औषध नाही बाळ, हा रोग आहे. रविवारी सकाळी मी येते आणि पिंजरा परत नेते."

"तो गेला तर मला श्वास घेता येणार नाही, मावशी."

"आणि राहिला तर?"

 चिमणीला फळीवरचे ते तीन चौथे फर्मे आठवले. तेही तिनेच काढून ठेवले होते, हे आता तिला नक्की वाटत होतं. फक्त आठवत नव्हतं.

*

शुक्रवारी तो आला. धुकं तसंच, मफलर तसाच, घसाही तसाच. मामा मागच्या खोलीत दाबयंत्राशी झटत होते.

"सापडली का बाई?"

"सापडली. अजून जिन्यातच आहे." चिमणीने पुस्तक उसवून ठेवलं होतं. "तासाभराचं काम आहे. संध्याकाळी घेऊन जा."

"बसलो तर चालेल? तिला एकदा वर पोहोचलेली बघतो, मग जातो."

"मी कुणी बघत असलं की सुई बोटात टोचून घेते."

"मग मी चष्मा काढून बसतो. मला काही दिसणार नाही." त्याने खरंच चष्मा काढला. चष्म्याविना त्याचा चेहरा एकदम उघडा वाटला. डोळ्यांखाली काळं होतं. याचीही झोप बरी नसावी, तिला वाटलं.

"असं बघू नका," ती म्हणाली.

"कसं? मला तर तुमच्या जागी एक पिवळा ठिपका दिसतोय."

"माझा स्वेटर हिरवा आहे."

"पाहा, म्हणजे मी किती सज्जन आहे."

ती हसली. किती दिवसांनी, कुणास ठाऊक. हसता हसता तिने फर्मे रचायला घेतले आणि सवयीने ओठांतल्या ओठांत मोजू लागली. "एक... दोन... तीन..." जरा थांबून, "पाच..."

आणि तिने पाहिलं. तिच्याच डाव्या हाताने चौथा फर्मा उचलला, अलगद खाली नेला आणि फळीवर ठेवला. तिला न विचारता.

वर पाहिलं तर त्याने चष्मा चढवला होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"तुम्ही चार गाळलात."

"हो... अलीकडे असं होतंय."

"कुणाकडून शिकलात असं मोजायला?"

"सांगितलं तर हसाल."

"हसायला आवाज लागतो. माझ्याकडे नाही."

तिने सुई खाली ठेवली. "घरी एकजण असं मोजतो. कोण, ते मला माहीत नाही. नुसता... आवाज आहे."

तो उठून उभा राहिला. स्टूल मागे सरकलं. त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात तो म्हणाला, "त्याच्या मागोमाग खोकला येतो? आणि पेल्यात चमचा वाजतो?"

चिमणीने नुसती मान डोलावली.  त्याने दाराचा आधार घेतला. "ते मोजणं फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी. आणि दुसरे..." वाक्य तिथेच टाकून तो धुक्यात शिरला. चार पावलं दिसला, मग नाही.

मामा हात पुसत बाहेर आले. "कुणाशी बोलत होतीस गं?"

"ते चष्मेवाले आले होते ना."

"मला तर तुझाच आवाज आला. तब्येत बरी आहे ना, पोरी?"

स्टुलावर मफलर पडलेला होता. चिमणीने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. लोकरीचा, ऊन ऊन. होता, म्हणजे तो होता.

शनिवारी ती मफलर घेऊन कोपऱ्यापलीकडे गेली. चष्म्याचं दुकान बंद होतं. काचेआडून अक्षरांचा तक्ता दिसत होता; वरचं अक्षर मोठं, खाली खाली लहान होत जाणारी, आणि शेवटची ओळ धुक्यात विरघळलेली. तिने तीनदा दार वाजवलं. आतून कुणी विचारलं नाही, कोण म्हणून.

*

रविवारी सकाळी दहा वाजता मावशी आली. हातात जुनी चादर, पिंजऱ्यावर टाकायला. डोळे सुजलेले होते. तीही झोपली नसणार.

"माझ्यावर राग धर हवा तर. वर्षभराने आशीर्वाद देशील."

मौनीबाबा चादरीकडे पिवळ्या डोळ्यांनी बघत होता. मावशीने चादर पसरली, पिंजऱ्याची कडी धरली... आणि चिमणीच्या छातीवर पाटा आला. सकाळी कधी यायचा नाही. ती जिन्याच्या दारातच बसली. कानात शीळ. चादरीखाली अंधार झाला होता, पोपटाला कुणी दिसत नव्हतं, आणि त्या अंधारातून आवाज आला.

"हळू... हळू. घाई कुणालाच नाही."

"आत घ्या," खालून जिन्यातून कुणीतरी म्हणालं.

तोच आवाज. तोच, अगदी तोच. फक्त जिवंत, धापा टाकणारा, एकेक पायरी वर येणारा. पिंजऱ्यातून "एक..." आणि जिन्यातून "एक...". "दोन...", "दोन...". मावशी मटकन पलंगावर बसली. "अगं आई गं," ती पुटपुटली, "दोन झाले!"

"तीन..." चष्मेवाला शेवटच्या पायरीवर होता. मफलर नाही, घसा मोकळा. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दोन्ही आवाज एकदमच थांबले आणि एकदमच म्हणाले, "पाच. आता सोडा."

चिमणीने श्वास सोडला.

पण मौनीबाबाचं काम संपलं नव्हतं. खोकला आला. चमचा किणकिणला. खिडकीची खिटी. चष्मेवाल्याचा चेहरा पांढरा पडत गेला. पुढे काय येणार ते त्याला ठाऊक होतं. त्यापासून तर तो पळाला होता. तो उठू लागला. चिमणीने त्याची बाही धरली.

"बाबा?" चादरीखालून त्याचाच आवाज आला. "बाबा?"

त्याने डोळे मिटून घेतले. ती जुनी शांतता खोलीभर पसरली.

आणि मग, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, पोपट पुढचं बोलला. बाईच्या आवाजात. चिमणीच्या.

"आहे... मी आहे इथं."

 चष्मेवाला भर सकाळी, दोन बायकांसमोर, लहान पोरासारखा रडला. मावशीने उठून पिंजऱ्यावरची चादर ओढून काढली. दुसरं काही सुचेना, म्हणून तिने त्याच्याच खांद्यांवर टाकली.

*

सगळं सांगायला त्याला चहाचे दोन कप लागले. पोपट तोच की दुसरा, याची खात्री करायला शनिवारभर तो पक्षीवाल्याकडे होता. जुनी गिऱ्हाइकं धुंडाळून धुंडाळून त्याने मावशीचं नाव आणि मग दुकानावरच्या या खोल्यांचा पत्ता काढला होता. "बाबांना दमा होता. रात्र रात्र मी मोजायचो. चाराला त्यांना हटकून ठसका लागायचा, म्हणून आम्ही चार काढूनच टाकला. तिनानंतर जरा थांबायचं आणि थेट पाच. हा तेव्हा खिडकीत असायचा. बाबांचा लाडका." त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, ओशाळून. "ते गेल्यावर हा रोज संध्याकाळी मला ते सगळं ऐकवायचा. माझ्याच आवाजात मला विचारायचा. महिनाभर ऐकलं, मग दिला टाकून. मुका आहे म्हणून खोटं सांगितलं, म्हणजे कुणी कान देऊन ऐकणार नाही. त्यानंतर मला झोप नाही."

"तो मला श्वास घ्यायला शिकवत होता," चिमणी म्हणाली. "तुमच्या आवाजात."

"आणि तुम्ही... ते शेवटचं... कुणाला म्हणत होतात?"

तिने कपात पाहिलं. कान तापले होते. "तेव्हा माहीत नव्हतं."

"आणि आता?"

"आता... तुम्ही चष्मा काढा आधी."

त्याने काढला. "पुन्हा पिवळा ठिपका."

"मग सांगते. हो. तुम्हालाच."

मावशीने घसा खाकरला. "पिंजरा राहू दे इथेच. पण बाबांनो, तुम्ही तिघं एकदा सरळ मोजायला शिका. जगात चार नावाचा आकडा आहे. दोनाचे चार करायची वेळ आली की काय करणार आहात?"

"मावशी!"

"मी आपलं सहज म्हटलं." ती फुटलेल्या कपाच्या जागी नवा कप आणायला म्हणून खाली गेली, आणि बराच वेळ आली नाही.

दुपारी दुकानात उतरल्यावर चिमणीने निळ्या पुस्तकाचे उसवलेले फर्मे टेबलावर घेतले. तिनावर हात थांबला. चष्मेवाल्याने फळीवरून आणलेला चौथा फर्मा तिच्यासमोर धरला, आणि तिने तो जागेवर ठेवला. सुई बोटात टोचली, पण तिने ते त्याला सांगितलं नाही.

झटके अजून येतात, कमी येतात. समुपदेशक बाईंकडे आता दोघंही जातात, वेगवेगळ्या दिवशी. संध्याकाळी धुकं काचेला टेकलं की मौनीबाबा अजूनही मधूनच ती जुनी खोली उघडतो. आता ते दोघं पळत नाहीत. पिंजऱ्याजवळ बसून शेवटपर्यंत ऐकतात.

"एक... दोन... तीन..."

मग पोपट थांबतो. तिथे, त्या एका रिकाम्या श्वासापुरत्या जागेत, चष्मेवाला तिचा हात हातात घेतो.

"पाच."